आमच्या दुकानाची निळी वायर

नेट बंद पडलं की आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मी हात पण नाय लावला." टोकावड्याला आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, नवरा-बायको मिळून चालवतो. हे वाक्य ऐकून ऐकून माझ्याकडे एवढं साचलंय की चहाला बसलेल्या बायका मागेच लागतात, "वयनी, तुमच्या वायरीचं सांगा गो."

नेटचा डबा मागे घरात, कॉम्प्युटर पुढे दुकानात. मधल्या अंगणावरून निळी वायर जाते. सगळी भानगड तिथेच.

*

एकदा नेट गेलं. बघते तर सासूबाईंनी वायरीवर ओली गोधडी वाळत घातलेली.

"आई, नेटची वायर आहे ती."

"मंग एवढी बारीक कशाला आनलीस? जाड आनायची."

*

मुरबाडहून मेकॅनिक आला. दोन्ही टोकांना टेस्टर लावला. आत तांब्याच्या आठ बारीक तारा, प्रत्येकीचा एक दिवा. त्यातला एक पेटेना.

"आत एक तार तुटलीय. वायर बदला."

आमचे हे म्हणाले, "आठातली एक गेली ना? मग बाकीच्या सात काय बसून खातात?"

नवीन वायर मीच टाकून घेतली.

*

ती नवीन वायर झाडताना आडवी आली म्हणून ह्यांनी हिसकली. टोकाला प्लास्टिकची पिन असते, तिच्यामुळे टोक खाचेत घट्ट बसतं. ती मोडली. टोक सारखं निसटायचं आणि नेट जायचं. मी म्हटलं, मेकॅनिक टोक बदलून देईल. ऐकतील तर शपथ. काडेपेटीतली काडी घेतली, गूल मोडलं, खाचेत खुपसली. नेट चालू. मग येईल त्याला दाखवायचे, "बघ, फुकटात."

*

अंगठा लावून पैसे काढायचं मशीनही आमच्याकडेच. सारखं बंद म्हणून तक्रारी गेल्या आणि बँकेचा माणूस स्वतः येऊन बसला. "आज बंद दिसलं तर मशीन वैशाखरे गावातल्या दुकानाला देणार." मशीन गेलं तर आमच्या झेरॉक्सला कुत्रं विचारणार नाही. ओट्यावर म्हाताऱ्या पदराला अंगठे पुसत बसलेल्या.

पहिल्या म्हातारीने अंगठा ठेवला आणि नेट गेलं.

तो माणूस टेबलाखाली वाकून वायर चाचपायला लागला. "फॉल्ट कुठे आहे?"

आमचे हे खुर्चीत. मान एका बाजूला, एक डोळा मिटलेला. "वरूनच प्रॉब्लेम आहे सायेब. मी हात पण नाय लावला."

मी म्हटलं, "साहेब, वायर सोडा. ह्यांच्या कानात बघा."