बोर्डावर राहिलेला बिल्ला

राजूरच्या पलीकडच्या ज्या खदानीत मी बत्तीघर सांभाळत होतो ती बंद होणार, हे आम्हाला वर्षभर आधीच कळलं होतं. खालचा कोळसा वर आणणं परवडत नव्हतं. माणसं इकडेतिकडे वाटली जात होती. माझी बदली एका उघड्या खदानीवर झाली. तिथे डोक्यावर आभाळ असल्यामुळे बत्ती लागत नाही आणि हजेरी यंत्रावर अंगठा ठेवून लागते. म्हणजे मी आजवर जे काम केलं ते काम तिथे नव्हतंच. शिवाय कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं होतं. वणीत दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. बायकोने भांडी खोक्यांत भरायला घेतली होती. हे सगळं जमण्यासारखं होतं. जमणार नव्हतं ते वडिलांचं.

त्यासाठी बत्तीघर म्हणजे काय ते सांगायला हवं. खाली जाणारा प्रत्येक माणूस खिडकीत आपला पितळी बिल्ला देतो. मी त्याला त्याच नंबरची बत्ती देतो आणि बिल्ला बोर्डावरच्या त्याच्या खिळ्याला लावतो. वर आला की बत्ती माझ्या हातात आणि बिल्ला त्याच्या हातात. दुसऱ्याला बिल्ला द्यायचा नाही, सख्खा भाऊ मागायला आला तरी नाही. बत्ती आल्याशिवाय बिल्ला काढायचाही नाही. बोर्डावर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. अपघाताच्या दिवशी आधी बोर्ड पाहतात, मग बाकीचं.

वडील याच खदानीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करत. शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यानंतर मात्र ते हळूहळू विसरत गेले. आधी आई गेल्याचं विसरले, मग रिटायर झाल्याचं. पहाटे उठून डबा मागायचे. अडवलं की दाराशी डोकं आपटायचे. शेवटी मी त्यांना बरोबर घेऊन जाऊ लागलो. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी परवानगी दिली, “रजिस्टरवर नको घेऊ, बाकी तुझं तू पाहून घे.” मी भंगारातली एक मेलेली बत्ती काढली, त्यांचा जुना तीनशे सतरा नंबरचा बिल्ला शोधला आणि बोर्डाच्या कोपऱ्यात, ओळींच्या बाहेर, एक वेगळा खिळा मारला.

ते बिल्ला द्यायचे, बत्ती टोपीला लावायचे आणि खदानीच्या तोंडासमोरच्या कडुलिंबाखाली बसून राहायचे. भोंगा झाला की बत्ती जमा करून, बिल्ला घेऊन घरी. मग रात्री शांत झोपायचे.

दोरीने कोळशाचे डबे वर ओढणारं यंत्र चालवणारा ऑपरेटर रोज त्यांना छेडायचा.

“जय भीम, बाबाजी! आज किती टेकू लावले?”

“जय भीम. तुह्यासारखे दोन उभे केले असते तं छत कवाचंच खाली आलं असतं.”

खिडकीत मात्र ते मला ओळखत नसत. घरी मी त्यांचा मुलगा होतो, लहानपणीच्या नावाने हाक मारत. खिडकीशी आले की म्हणत, “बाबूजी, बत्ती पाहून द्या. काल मंद होती.” मीही बत्ती पुसून द्यायचो. सुरुवातीला याचा त्रास झाला, मग सवय झाली.

शेवटच्या दिवशी बायको म्हणाली, “आज मामाजीले नका नेऊ. आज सारं उलटंपालटं असन तिथं.”

मी म्हणालो, “आज शेवटची बत्ती जमा करतीन. उद्यापासून बदली झाली म्हणून सांगू. खदान बंद झाली हे त्याईच्या ध्यानात नाही राहणार, बदली राहीन.”

मला हा हिशोब बरोबर वाटत होता.

खालून सामान काढणारी शेवटची टोळी दुपारनंतर वर आली. बत्त्या जमा झाल्या. ओळींमधले सगळे खिळे रिकामे झाले. साहेब स्वतः आले, बोर्डाकडे पाहिलं. “सगळे वर?”

“सगळे वर, साहेब.”

थोड्या वेळाने पंप बंद केले. त्या पंपांची घरघर माझ्या जन्मापासून कॉलनीत होती. झोपेतही असायची. ती थांबली. खालचं पाणी आता कोणी उपसणार नव्हतं.

वडील झाडाखालून उठून खिडकीशी आले.

“बाबूजी, पंप काहून बंद झाला?”

“खदान बंद झाली, बाबा. सगळे वर आले. बत्ती द्या.”

त्यांनी बत्ती दिली नाही. खिडकीतून डोकं आत घालून बोर्ड पाहिला. वरून खाली, ओळीने, जसा पूर्वी टोळीचा शेवटचा माणूस पाहायचा.

“सगळे कुठी? थो कोपऱ्यातला कोनाचा हाये?”

“थो तुमचाच हाये. बत्ती द्या अन् घेऊन जा.”

“मी तं वर हावो ना! मले कायले सांगता? आत मानूस हाये अन् तुमी पानी भरू देऊन राह्यले?”

त्या क्षणी हात वर करून बिल्ला खिळ्यावरून काढला असता तर बोर्ड रिकामा दिसला असता. माझा हात खिडकीतून बाहेरच राहिला, बत्तीसाठी पसरलेला. आधी बत्ती, मग बिल्ला. इतकी वर्षं हाताने तेच केलं होतं.

ते वळले आणि चालू लागले.

सामानाच्या ट्रकसाठी कुंपणाचं फाटक उघडं होतं. मी मागच्या दाराने फिरून बाहेर येईपर्यंत ते खदानीच्या तोंडाशी पोचले होते. ऑपरेटर ओरडला, “ओ बाबाजी, कुठी चालले? थांबा!” ते थांबले नाहीत. आतल्या उतारावरचे रूळ उखडून नेले होते, जागोजाग खड्डे होते. डोक्यावरच्या मेलेल्या बत्तीचा उजेड पडतो आहे अशा चालीने ते आत गेले. बाहेर आम्हाला त्यांची हाक ऐकू येत होती.

“कोन हाये रे? आवाज दे!”

मग हाक तुटली.

आम्ही दोघं धावलो. ते फार आत नव्हते. एका खड्ड्यात पडले होते, पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला. ऑपरेटरने खांद्याखाली हात घातला तर त्यांनी त्याला ढकललं.

“मले नोका उचलू. पयले त्याले काढा.”

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढले. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायची माझी तयारी होती, पण छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, भूल सोसणार नाही. एवढ्या वर्षांची धूळ आत बसलेली होती. तेव्हा जितके दिवस जातील तितके.

त्याच दिवसांत आम्ही घर बदललं. बायकोने एकटीने टेम्पो भरला आणि उतरवला. मी नव्या जागी रुजू झालो. यंत्राने माझा अंगठा पहिल्या दिवशी घेतला नाही. कोणीतरी म्हणालं, घासून या. संध्याकाळी थेट दवाखान्यात जायचो.

वडील येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत. “थो निघाला का?”

बायको लगेच म्हणायची, “निघाला, मामाजी. कवाचाच निघाला.” त्यांचा विश्वास बसत नसे. नर्सच्या बोलण्यावरही नाही. रात्रभर कण्हत, ते पायासाठी नाही, आतल्या माणसासाठी. मी गेलो की माझा हात धरत.

“बाबूजी, तुमी सांगा. बोर्ड तुमी पाहता.”

बत्ती हातात आल्याशिवाय मी आजवर कोणाला ‘वर आला’ म्हटलं नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती बत्ती घेऊन गेलो. पडल्या जागेवरून ऑपरेटरने ती आणून दिली होती, काच फुटलेली. त्यांच्यासमोर धरली.

“बत्ती जमा झाली, बाबा. तीनशे सतरा वर आला.”

त्यांनी फुटक्या काचेवरून बोट फिरवलं. “धड हाये?”

“पायाले लागलं हाये त्याच्या.”

“लय?”

“लय.”

“घरचं कोनी आलं का?”

“पोरगा आला. त्याच्यापाशीच बसून हाये.”

“मंग बरं,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले. “बिल्ला देला का त्याले?”

बिल्ला माझ्या खिशात होता. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. त्यांनी मूठ उघडून नंबर वाचला, आणि बिल्ला माझ्या हातात परत दिला.

“मले कायले देता, बाबूजी? ज्याचा हाये त्याले द्या.”

त्यानंतर त्यांनी त्या माणसाबद्दल विचारलं नाही. कण्हणं थांबलं. दोन दिवसांनी पहाटे ते गेले.

खदानीत पाणी भरत वर आलं आहे, असं ऑपरेटर सांगतो. आता तोंडाशी भिंत बांधली आहे. मी रोज अंगठा ठेवून आत जातो आणि अंगठा ठेवून बाहेर येतो. अंगठा न ठेवताच कोणी निघून गेला तर त्याची फक्त हजेरी कापतात, शोधायला कोणी जात नाही.

बिल्ला माझ्याकडेच आहे. नव्या खोलीत वडिलांचा फोटो लावला तेव्हा बायको म्हणाली, “त्याईचा बिल्लाबी लावा ना खाली, खिळा मारून.”

मी फोटो लावला. बिल्ला कपाटात ठेवला.

ती म्हणाली, “काहून?”

“खिळ्याले नको,” एवढंच मी म्हणालो. ती कॉलनीतच वाढलेली. तिने पुन्हा विचारलं नाही.