समोरचा हात

गॅरेजवरून जाताना मशीनच्या तेलाचा वास आला की मला वडिलांचा हात आठवतो. मला चित्रात हात जमत नव्हते, म्हणून चिकलठाण्याच्या कारखान्यातून आले की चहा होईपर्यंत ते माझ्यासमोर उजवा हात ठेवून बसायचे. बोटं केळ्यांसारखी यायची, खोडून खोडून कागद फाटायचा. एका संध्याकाळी मी वैतागून भराभर रेघा मारल्या आणि हात चक्क झकास उतरला. वडिलांनी तो बराच वेळ बघितला. "लई भारी काढलास पोरी, पण ह्यो हात माझा नाय." प्रेस मशीनमध्ये त्यांची दोन बोटं गेली होती आणि मी पाच काढली होती. आता वडील नाहीत. तो हात काढायला बसते, तर ती बोटं कुठल्या पेरापासून तुटली होती तेच आठवत नाही.