दाबके सरांचा बर्फाचा तास

सिंगापूरसारख्या शहरात गाड्या वेळेवर येतात आणि गोष्टी सांगितल्याप्रमाणे घडतात, त्यामुळे माणसाला संशय घ्यायला फारसा वाव नसतो. दाबके सरांनी तो शोधून काढला होता. एमआरटी मेट्रोच्या फलाटावर 'गाडी दोन मिनिटांत' असं झळकलं की ते मनगटावरच्या घड्याळात बघत. हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत बसण्याआधी स्टूल हलवून पाहत. क्लायंटने 'व्हेरी गुड' म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. "हा माणूस एवढा खूश का आहे?" असं ते आम्हालाच विचारत, आणि आम्हीही विचारात पडत असू. ऑफिसातली मराठी मंडळी त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. "पाठीमागे म्हणतात तोवर ठीक आहे," ते एकदा मला म्हणाले. "तोंडावर म्हणायला लागले, की समजायचं काहीतरी शिजतंय."

आमचं ऑफिस बुओना व्हिस्टाला होतं आणि सर आमच्या टीमचे मॅनेजर होते. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट. पत्नी नाशिकला कॉलेजात शिकवत होत्या, त्यामुळे इथे ते एकटेच राहत. सिंगापूरला येण्याआधी काही वर्षं ते कॅनडात, विनिपेगला होते. त्या वर्षांबद्दल ते एकच विषय बोलत: गाडीवरचा बर्फ. आमच्यापैकी कुणीही थंड देशात निघालं, मग ते चार दिवसांच्या मीटिंगसाठी का असेना, सर त्याला बाजूला घेऊन विचारत, "तिकडे गाडी चालवणार आहेस का?" हो म्हटलं की त्याची सुटका नसे.

स्वतः सरांकडे गाडी नव्हती. ज्याच्याकडे गाडी नाही आणि जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो, त्या माणसाला हे कसलं वेड, याचे तर्क ऑफिसात चालत. माझ्या शेजारी बसणारा नितीन यात पुढे होता. "तिकडे काहीतरी भयंकर झालंय बघ," तो म्हणायचा. "अपघात असेल, नाहीतर कोणीतरी गेलं असेल. उगाच माणूस असा होत नाही." एकदा त्याने सरांना सरळच विचारलं, "सर, विनिपेग सोडलं का?" सर म्हणाले, "तू का विचारतोयस?" विषय तिथेच संपला, आणि नितीनची खात्री आणखी पक्की झाली.

त्या वर्षी पावसाळी हवेत, ऑक्टोबरच्या सुमारास, सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, मग ते नीट लागलंय का ते पाहिलं.

"अभय, विनिपेगला जायचंय. सहा महिने. बायको-मुलीला घेऊन गेलास तरी चालेल."

"सर, पण इथलं माझं काम?"

"इथलं काम मी बघतो."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. नितीनला तर मुळीच आवडलं नाही. "तुझी खुर्ची रिकामी करतोय," तो कुजबुजला. "सहा महिन्यांनी येशील तेव्हा तिथे त्याचा कुणीतरी माणूस बसलेला असेल." आमचा इथे राहण्याचा पास नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी बायको मंजिरी हे सगळं ऐकून म्हणाली, "आत्ताच का? ऐन थंडीत का? आणि तुलाच का?" तेच मी सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "जा म्हणतोय ना." एरवी दहा कारणं देणारा माणूस एकही कारण देत नव्हता. आम्ही दोन आठवडे घोळ घातला. शेवटी आमची इरा पाच वर्षांची होती, तिला बर्फ बघायचा होता, आणि नाही म्हणण्याइतकंही कारण आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

मग माझाही बर्फाचा तास झाला. शनिवारी दुपारी सरांनी नितीनच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, पार्किंगमध्ये बोलावलं, कारण टीममध्ये गाडी त्याच्याकडेच होती. नितीनने ती नाखुशीनेच उघड्यावर आणली. सर हॉकर सेंटरमधून आइस कचांगचा, म्हणजे इथल्या गोळ्याचा, बर्फ घेऊन आले, नुसता किसलेला, चार मोठे डबे भरून. मी सोबत होतो. दुकानातली आंटी डोळे बारीक करून म्हणाली, "नो सिरप, नो बीन्स? देन यू ईट व्हॉट?" सरांनी पैसे देऊन डबे उचलले. तो बर्फ त्यांनी नितीनच्या गाडीच्या टपावर आणि काचेवर पसरला आणि खिशातून मऊ ब्रश काढला.

"सगळ्यात आधी मागे जायचं," ते म्हणाले. "सायलेन्सरचा पाइप मोकळा आहे का बघायचं. तो बुजला असेल तर धुरातला विषारी वायू गाडीत शिरतो, आणि त्याला वास नसतो. पाइप मोकळा, मगच इंजिन चालू. मग टप. टपावरचा बर्फ ठेवून निघालास, तर पहिल्या ब्रेकला तो तुझ्या काचेवर येईल, नाहीतर मागच्याच्या. पत्र्याला स्क्रेपर लावायचा नाही, तो फक्त काचेसाठी. पत्र्यावरचा बर्फ ब्रशने ढकलायचा आणि शेवटचा पातळ थर राहू द्यायचा. घासून चकचकीत करायला गेलास की रंगावर ओरखडे."

"गरम पाणी टाकलं तर?" नितीनने विचारलं.

सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की नितीन आपल्याच गाडीपासून एक पाऊल मागे सरला. "मग नवी काच घ्यायला जायचं. आतून हीटर लावायचा, तोही हळूहळू वाढवायचा. काचेला दचकवायचं नाही."

"आणि दार गोठलं तर?"

"आधी आत ढकलायचं. अंगाने रेलायचं, बर्फ तडकेपर्यंत. एकदम ओढलंस तर दाराचं रबर फाटून येईल. आणि रात्री वायपर बंद करूनच गाडी बंद करायची. नाहीतर सकाळी काचेला चिकटलेले वायपर चालू होतात आणि मोटर जाते."

एव्हाना बर्फाचं पाणी होऊन बॉनेटवरून ओघळत होतं. सर तरीही, नसलेला बर्फ ढकलत, टपाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचले होते. पार्किंगचा गार्ड लांबून बराच वेळ बघत होता. तो आला. "अंकल, व्हॉट यू डूइंग?"

"क्लास," सर म्हणाले.

गार्डने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गाडीचा नंबर लिहून घेतला. सरांना ते फार आवडलं. "चांगला माणूस आहे," ते जाताना म्हणाले. "बघतो तरी."

विनिपेगला पोचलो तेव्हा थंडीने श्वास अडत होता. डिसेंबरमध्ये एकदा दिवसभर वादळ झालं. दुसऱ्या सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या जागी पांढरे उंचवटे होते. इराला डॉक्टरकडे न्यायचं होतं, रात्रभर ती खोकत होती. आमच्या भाड्याच्या गाडीचं दार रेलून उघडलं, इंजिन चालू केलं, हीटर मंद ठेवला. इरा कुडकुडत म्हणाली, "पपा, सो कोल्ड लाह! आय सिट इनसाइड, कॅन?" मी मंजिरी आणि इरा, दोघींना आत बसवलं आणि टपापासून सुरुवात केली. काच मोकळी व्हायला लागली तशी इरा आतून मला वाकुल्या दाखवू लागली. मीही दाखवल्या.

शेजारच्या दोन गाड्यांचीही इंजिनं चालू होती. त्यांच्या मागून वाफेचे पांढरे लोट निघत होते. आमच्या गाडीमागून काहीच निघत नव्हतं.

मला ते क्षणभर बरंच वाटलं. मग वाटलं, का नाही? मी मागे धावलो. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने ढकललेला बर्फाचा बांध आमच्या गाडीच्या मागच्या अंगाला कमरेपर्यंत टेकला होता. पाइप त्यात कुठेतरी पुरला होता. मी जाऊन दार उघडलं आणि म्हणालो, "उतरा. आधी उतरा!"

"अरे, आत्ता कुठे पाय गरम झालेत," मंजिरी म्हणाली.

मी तिच्या मांडीवरून इराला उचललं. मंजिरी बडबडत उतरली. मी इंजिन बंद केलं आणि हातानेच बांध उपसायला लागलो. मंजिरीही आली. पाइप सापडला तेव्हा त्याच्या तोंडाशी बर्फ वितळून काळा चिखल झाला होता. दोघींना काहीही झालं नव्हतं. दहा मिनिटं आम्ही त्या थंडीत नुसते उभे राहिलो. मी दोघींना पुन्हा पुन्हा विचारत होतो, डोकं दुखतंय का, मळमळतंय का. डॉक्टरकडे गेल्यावर खोकल्याआधी ते सांगितलं. त्यांनी दोघींना तपासलं आणि ठीक आहेत म्हणाले.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. तिकडे सकाळ होती, ते ऑफिसला निघाले होते. मी सगळं सांगत असताना मागे एमआरटीची घोषणा ऐकू येत होती.

"इंजिन चालू करायच्या आधी बघायचं असतं," ते म्हणाले. "मुलीचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे. सर, एक विचारू? तुमच्या बाबतीत तिकडे असं काही झालं होतं का?"

"असं म्हणजे?"

"लोक म्हणतात, काहीतरी झालं होतं."

"काहीही झालं नाही," सर म्हणाले. "इतके हिवाळे काढले, काचेला चरासुद्धा पडला नाही. लोकांना वाटतं, काहीतरी झाल्याशिवाय माणूस सावध होत नाही. मग मी सोडलं का म्हणशील, तर तिथे मला आवडत नव्हतं. एवढंच. नितीनला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

फेब्रुवारीत बातमी आली. सिंगापूरची आमची टीम बंद झाली. काम विनिपेगला हलवलं, आणि जे तिथे होते ते तिथेच कायम झाले. तिथे मी होतो. नितीनला सेरंगूनजवळ दुसरी नोकरी मिळाली, पण आधी काही आठवडे त्याच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. सरांनी दुसरी नोकरी शोधलीच नाही. ते नाशिकला परत निघाले.

वुडलँड्सचा फ्लॅट सोडायला मी सिंगापूरला आलो, तो त्यांच्या जाण्याचाच आठवडा होता. चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. कॉफी घेऊन बसलो तेव्हा मी विचारलं, "सर, टीम बंद होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शंका सांगितली असती तर तुम्ही हसला असता. शंकासुर म्हणून." ते हसले नाहीत. "आणि खरी असली, तर मॅनेजर म्हणून ती बोलायची मला मुभा नव्हती. विनिपेगला जाण्याबद्दल आधी नितीनलाच विचारलं होतं. तो म्हणाला, सर, मला इथून काढायचंय का तुम्हाला? मग तुला विचारलं. तूही दोन आठवडे घेतलेस. मला बरं वाटलं."

"बरं कसं वाटलं?"

"लगेच हो म्हणणारा माणूस मला काळजीत टाकतो."

मग ते उठले. हात धुवून येतो म्हणाले. गळ्यातली छोटी पिशवी त्यांनी काढली. तिच्यात पासपोर्ट, तिकीट, सगळं होतं. क्षणभर ती हातात धरली, चेन ओढून बघितली, आणि माझ्या मांडीवर ठेवून ते मागे वळून न बघता निघून गेले. त्यांना यायला वेळ लागला. मी ती पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो, आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघत होतो.