भानुआत्याचा चातुर्मास

माहेर कोणतं असं कुणी विचारलं, की मी ग्वारीघाट सांगते. ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. जबलपूरची माणसं ग्वारीघाटावर नर्मदेत बुडी मारायला जातात, दिवे सोडायला जातात, कधी अस्थी घेऊन जातात. आम्ही तिथं राहायचो. घाटाच्या वरच्या अंगाला दत्ताचं देऊळ होतं. त्याच्या धर्मशाळेतल्या मागच्या खोलीत आई, मी आणि धाकटा श्रीरंग राहायचो. तिथंच आमची सगळ्यांची आत्या होती, भानुमतीबाई. तिचं आमच्याशी रक्ताचं काहीच नातं नव्हतं.

ती धर्मशाळा जबलपूरच्याच गढा भागातल्या जुन्या मराठी घराण्यांनी परिक्रमावाशांसाठी बांधली होती. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून, मागत-खात, तिच्याभोवती पायी फिरणारी ही माणसं. "नर्मदे हर" म्हणत कुणी दारात उभं राहिलं, की त्याला शिधा द्यायचा आणि तीन रात्री निवारा द्यायचा, असा तिथला नियम. पावसाळ्यात मात्र परिक्रमा थांबते. आषाढी एकादशीला माणूस जिथं असेल तिथंच चातुर्मास काढतो, त्यामुळे तेवढे महिने कुणाला उठवायचं नसे.

आत्या तिथं कशी आली ते मला आईकडून कळलं. मोठ्या लढाईच्या दिवसांत तिचे यजमान गुणवंतराव तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. दोन-दोन पाळ्या चालायच्या, भोंगा वेळी-अवेळी वाजायचा. एका सकाळी ते कामावर गेलेच नाहीत. धोतर आणि कमंडलू घेऊन परिक्रमेला निघाले. बायकोला म्हणाले, "नर्मदामैयानं बोलावलं आहे. येतो मी." काही महिन्यांनी क्वार्टर सोडायचा हुकूम आला. सासरच्यांनी, तुझ्याच पायगुणानं तो गेला, असं म्हणून दार लावून घेतलं. परिक्रमावासी कधीतरी ग्वारीघाटावरून जाणारच, म्हणून आत्या इथं येऊन बसली. देवळाचा स्वयंपाक तिच्याकडे आला. वाट पाहता पाहता वीस-बावीस वर्षं गेली.

आम्ही आलो ते पासष्टच्या आषाढात. वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेले. काकांनी आईला सरळ सांगितलं, "वहिनी, आमचंच भागत नाही." आईला कुठं जावं ते सुचेना, म्हणून ती आम्हाला घेऊन घाटावर आली. पुढं तिच्या मनात काय होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही. पायरीवर बसलेल्या आईजवळ एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई आली. तिच्या दोन्ही हातांना कणीक लागली होती.

"काहून बसली अशी? पोरांनी काही खाल्लं का?"

 बाईनं कणकेच्या हातानंच श्रीरंगाला कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. पोरगं चाललं म्हटल्यावर आईला उठावंच लागलं.

आमच्या आधी तिथं दोन बायका होत्या. हेमलतामावशीला नवऱ्यानं मारून बाहेर काढलं होतं. इंदिराबाईला मूल होत नव्हतं, म्हणून घरात दुसरी आली होती. चौघी मिळून कणकेचे दिवे वळायच्या, पानाच्या द्रोणात ठेवायच्या आणि घाटावर विकायच्या. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली आणि दिवे पुरेनात. ज्यांची मुलं सरहद्दीवर होती त्या बाया रोज येत. हिंदीतून, मराठीतून, छत्तीसगढीतून मुलाचं नाव घेऊन दिवा सोडत. आत्या प्रत्येकीला नाव विचारून घ्यायची आणि आरतीच्या वेळी ती नावं देवापुढं म्हणायची. एखादं विसरलं, तर आम्ही पोरं आठवण करून द्यायचो.

धर्मशाळेचे विश्वस्त भय्यासाहेब महिन्यातून एकदा सायकलरिक्षानं येत. करड्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. आम्हाला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, ही धर्मशाळा परिक्रमावाशांची आहे. या कोण?"

"परिक्रमावासीच आहेत," आत्या म्हणाली. "घर सुटलं, सामान पाठीवर आहे, उद्याचं मैयाला ठाऊक. परिक्रमावासी आणखी कसा असतो, भय्यासाहेब? अन् आता चातुर्मास आहे. चातुर्मासात कोणाला उठवत नाहीत."

भय्यासाहेब रिक्षात बसून परत गेले. पण कार्तिकी एकादशी झाली तशी दुसऱ्या दिवशी हजर. म्हणाले, "चातुर्मास संपला, बाई."

"हो. आज निघून राहिलो आम्ही."

तिनं खरंच सगळ्यांना बोचकी बांधायला लावली. नर्मदेची पूजा केली, परिक्रमेला निघताना वाटतात तो कढाईचा शिरा वाटला. आईचा चेहरा पांढरा पडला होता. आत्यानं दोन टांगे बोलावले आणि सडकेनं आम्हाला नदीच्या खालच्या अंगाला, तिलवाऱ्याच्या घाटावर नेलं. तिथं उतरून ती म्हणाली, "चलो. आता मैया उजव्या हाताला ठेवायची." काठाकाठानं आम्ही चालू लागलो. वाळू, दगड, मधे हरभऱ्याची शेतं. श्रीरंगाला आळीपाळीनं कडेवर घेतलं. हेमलतामावशी आधी रडत होती, मग भजन म्हणू लागली. दुपार कलली तेव्हा आम्ही पुन्हा ग्वारीघाटाला पोचलो. भय्यासाहेब ओट्यावर चहा पीत बसले होते.

आत्या दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नर्मदे हर."

परिक्रमावाशानं नर्मदे हर म्हटलं, की त्याला उत्तर द्यावंच लागतं. भय्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "नर्मदे हर," ते म्हणाले. कप पुन्हा उचलत पुढं म्हणाले, "तीन रात्री."

तीन रात्री झाल्या, आम्ही पुन्हा तिलवाऱ्याला गेलो. पुन्हा आलो. असं किती वेळा झालं ते आता आठवत नाही. मला तर ती सहलच वाटायची. वाटेतल्या गावातल्या बायका आम्हाला ओळखू लागल्या, कुणी गूळ द्यायची, कुणी ताक. एकदा थंडी फार पडली होती आणि श्रीरंगाला ताप होता. आम्ही येऊन पोचलो तेव्हा भय्यासाहेब दारातच उभे होते. त्यांनी आईच्या हातून श्रीरंगाला घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि त्याला आत नेऊन स्वतःची शाल पांघरली.

बाहेर येऊन ते आत्याला म्हणाले, "मागच्या तीन खोल्या यांच्या. बाकीच्या विश्वस्तांशी मी बोलतो. फक्त पोरांना आता चालवू नका."

आत्यानं दत्ताला नमस्कार केला आणि चुलीकडे गेली.

त्यानंतरची सहा वर्षं माझ्या आठवणीत सगळ्यात भरलेली आहेत. बाया आल्या, काहींना घरच्यांनी परत नेलं, काहींना शिवणकाम लागलं, एक नर्स झाली. पहाटे आत्याचं "उठा, देव उठला" ऐकू यायचं. त्यापाठोपाठ जात्याची घरघर सुरू व्हायची. शाळेतून आलं की कणकेच्या गोळ्याला बोटानं खळगा पाडायचं काम आमचं. आत्या रागावायची, क्वचित धपाटाही घालायची, पण कुणाला "तुला ठेवून घेतलं" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात परत लढाई आली. जबलपुरात कारखाने, म्हणून अंधाराचा हुकूम. खिडक्यांना काळे कागद लागले, सूर्य मावळल्यावर घाटावर दिवा लावायला बंदी. तरी मुलांच्या आया यायच्या. मग आत्यानं भर दुपारी दिवे सोडायला सुरुवात केली. उन्हात ज्योत दिसायची नाही, नुसते द्रोण पाण्यावरून जाताना दिसायचे. अशाच एका दुपारी एक पांढऱ्या दाढीचा परिक्रमावासी दाराशी आला. "नर्मदे हर" म्हणाला. आत्या पाठमोरी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. ती लगेच वळली नाही.

"या," ती म्हणाली. "पाय धुवा."

ते गुणवंतराव होते. पहिली परिक्रमा त्यांनी कधीच पुरी केली नव्हती. भडोचच्या बाजूला एका आश्रमात राहून गेले होते. आता म्हातारपणी पुन्हा निघाले होते. आत्यानं त्यांना पुढची खोली दिली, शिधा दिला, स्वतः वाढलं. धर्मशाळेत सगळ्या दबक्या आवाजात बोलू लागल्या. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "भानू, थकलो मी. आता इथंच राहतो म्हणतो."

"तीन रात्रींचा नियम आहे," आत्या म्हणाली.

"मला नियम?"

"सगळ्यांना आहे. उद्या सकाळी भाकरी बांधून देते. बरगीकडे जाताना ऊन लागतं, लवकर निघा."

त्यांनी मान खाली घातली. भांडले नाहीत.

ते उठून गेल्यावर माझ्या आईला राहवलं नाही. "आत्या, आम्हाला इतकी वर्षं ठेवून घेतलं. मग त्यांना काहून नाही?"

आत्या ताटं उचलत होती. "तुला घर नव्हतं, विनता. त्यांना होतं. मी होते ना त्या क्वार्टरमधे."

सकाळी ती त्यांना पोचवायला शेताच्या बांधापर्यंत गेली. काय बोलली माहीत नाही. परत आली आणि अंग दुखतं म्हणून झोपली, ती दोन दिवस उठली नाही. आई तिचे पाय चेपत बसायची. आम्ही पोरं पहिल्यांदाच त्या घरात हळू चाललो. तिसऱ्या दिवशी, लढाई संपली असं कुणीतरी घाटावर ओरडत आलं. आत्या उठून बसली, केस बांधले आणि म्हणाली, "आज दिवे जास्त लागतील. कणीक भिजवली का कोणी?"

चार वर्षांनी माझं लग्न झालं. मुलगा गढ्यातला, टेलिग्राफच्या ऑफिसात होता. कन्यादान भय्यासाहेबांनी केलं. पाठवणीच्या वेळी अंगणात सगळ्या बाया माझी ओटी भरायला रांगेनं उभ्या होत्या. कुणी तांदूळ घातले, कुणी खारका. इंदिराबाईंनी स्वतःची चांदीची जोडवी पदरात टाकली. मी रडू लागले तशी आत्या पुढं आली, चष्मा पुसला आणि माझा पदर सारखा केला.

"पुरे आता. गढा काय लांब आहे? दर सोमवारी यायचं. अन् सासूबाईंनी विचारलं, माहेरी किती माणसं, तर मोजत बसू नको. सांग, पुष्कळ आहेत."