अक्षतांच्या डब्यातली गोळी

चहा घ्या आधी, मग सांगते. कारण ऐकल्यावर माझ्या हातचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, शंकाच आहे! गाढवपणा कोण करत नाही हो? पण मी केला तो माईकवर उभं राहून, वर टाळ्या घेऊन.

माझं माहेर झाशीतलंच. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी घुसते, तेवढं चालवून घ्या. आमचे हे मात्र अस्सल साताऱ्याचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. निवृत्त झाले आणि बसले. म्हणजे खरोखरच बसले! खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर बाहेर बघत. बाहेर काय दिसणार? झाशीची धूळ! जेवायला हाक मारली की उठायचे, हात धुतले की परत खुर्ची. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

त्यात माझं बीपी निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ह्यांची तर कितीतरी वर्षांपासून चालूच होती. पण माझी चिठ्ठी बघितली आणि हे ताडकन उठले.

"शैला, तुला जन्मभर गोळ्या खाऊ देणार नाही मी!"

आणि काय उठले म्हणता! घरातलं प्लास्टिक भंगारात गेलं. फ्रिजच्या बाटल्या गेल्या, माठ आला. कूलर बंद, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. त्या पडद्यांवर झाशीच्या उन्हाळ्यात दुपारभर पाणी कोण शिंपडणार? अस्मादिक! गच्चीवर तुळस, अडुळसा, गुळवेल. "घरातली हवा आणि अंगातलं रक्त वेगळं नसतं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. पेपरवाला बिचारा "जी साहब, जी साहब" करत सायकल दामटायचा.

मग मला घेऊन खंडेराव गेटला वैद्यजींकडे. वैद्यजींनी नाडी बघितली, काढ्याचं सामान दिलं आणि आम्हा दोघांना बजावलं, "अंग्रेज़ी गोली मत छोड़िएगा, भाभीजी. ये उसके साथ चलेगा."

बाहेर पडल्या पडल्या हे म्हणाले, "तसं म्हणावं लागतं गं त्यांना."

झालं! रोज पहाटे हे अर्जुनाची साल नि काय काय खलबत्त्यात कुटायचे. मोहल्ला जागा व्हायचा. मग गाळून, वाफाळता पेला घेऊन माझ्या उशाशी उभे. काय कडू, काय कडू! कारलं त्यापुढे जिलबी. पण पेला धरणाऱ्या माणसाचा चेहरा बघाल की नाही? किती महिन्यांनी त्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मी काढा गटागटा प्यायले आणि म्हणाले, "वा! हलकं वाटतंय."

आता गोळीचं काय करायचं? सोडायची तर हिंमत नव्हती. माझी आई बीपीनंच गेली. आणि घेते म्हणून सांगायचं, तर हे परत खुर्चीत जाऊन बसतील. मग मी गोळ्या देवघरात अक्षतांच्या डब्यात ठेवल्या. घरातला पुरुष त्या डब्याला कधी हात लावतो का? पूजा झाली की डोळे मिटायचे आणि तीर्थाबरोबर गोळी गिळायची. औषधही पोटात, पुण्यही पदरात!

हे दारातून बघायचे. एकदा म्हणाले, "काढा घ्यायला लागल्यापासून तुझी भक्तीसुद्धा वाढली हं!"

मी "इश्श" म्हणाले. या वयात!

बीपी अर्थातच छान यायला लागलं. बीपीचं मशीन घेऊन हे शेजाऱ्यांना माझे आकडे दाखवत फिरले. समोरचे तिवारीजी म्हणाले, "भाभीजी, आप तो चमत्कार हैं!" त्याच दिवशी मी खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? पदर सावरला आणि हसले.

पुढे गणपती आले. आमचं मराठी मंडळ ते केवढं! सगळी मराठी माणसं एका हॉलमध्ये मावतात, वर खुर्च्या उरतात. नेनेबाई अध्यक्ष. त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, "आज देशपांडेवहिनी निसर्गोपचाराचा आपला अनुभव सांगतील." हे पहिल्या रांगेत, इस्त्रीचा झब्बा घालून. मला वाटलं होतं, दोन शब्द बोलून बसावं. पण माईक हातात आला की माणसाला काय होतं कोण जाणे! मी माठ सांगितला, वाळा सांगितला, काढा तर असा रंगवला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आज माझी एकही गोळी चालू नाही!"

सकाळची गोळी पोटात होती हो!

टाळ्याच टाळ्या. ह्यांनी रुमालानं डोळे पुसले. घरी येताना रिक्षात माझा हात धरून बसले होते. मला वाटलं, किती सुखात आहे हा माणूस. त्यांच्या मनात काय चाललंय, याची मला गंधवार्ता नव्हती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पहाटे खलबत्त्याचा आवाज मधेच थांबला. मी अंथरुणातूनच हाक मारली, "झालं का कुटून?" जाऊन बघते तर बत्ता जमिनीवर, हे भिंतीला टेकलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिवारीजींनी गाडी काढली. इलाइट चौराह्यावर एवढ्या सकाळीसुद्धा ट्रकांनी रस्ता अडवलेला, आणि मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत होते. मराठीत! त्यांना काय कळणार?

दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इनकी दवा कब से बंद है?"

"बंद?" मी म्हणाले. "बंद नहीं है, डॉक्टर साहब. रोज़ लेते हैं."

ह्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढत होते. "गणपतीनंतर... सोडली. हिची सुटली... काढ्यानं. म्हटलं, माझीही... सुटेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. "माताजी, आपकी गोली छूट गई थी?"

तिथे खोटं बोलायला तोंड नव्हतं. "नहीं," मी म्हणाले. "एक दिन भी नहीं."

हे माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं हो! त्यांनी फक्त विचारलं, "कुठे... ठेवायचीस?"

"अक्षतांच्या डब्यात."

त्यांनी डोळे मिटले. मी त्या पलंगाच्या दांडीला धरून लहान पोरीसारखी रडले. एका पेल्यापुरतं ज्याला खूश ठेवायला गेले, त्यालाच मी आडवं केलं.

जीव वाचला. उजवा हात मात्र अजून उठत नाही, बोलणं सावकाश. आता आम्ही दोघं समोरासमोर बसून गोळ्या घेतो, वैद्यजींना विचारून काढाही घेतो. ह्यांना खलबत्ता जमत नाही, मी कुटते. हे बसून बघतात आणि बारीक झालं नाही म्हणून डाव्या हातानं खूण करतात.

ह्यांना घरी आणल्यावर मंडळाच्या बायका बघायला आल्या. माझं भाषण ऐकून यांच्यातल्या कितीजणींनी औषध सोडलं असेल! मी नेनेबाईंचे हातच धरले.

"नेनेबाई, माझं ते भाषण खोटं होतं! मी गोळी सोडलीच नव्हती. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या गोळ्या आजच्या आज परत सुरू करा!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नेनेबाईंनी चोरून ह्यांच्या पलंगाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "परत म्हणजे? अहो वहिनी, आम्ही सोडल्याच कुठे होत्या? टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला, घरी जाऊन गोळी घेतली. भाषण ते भाषणच हो! ते कोण खरं धरतं?"

अख्ख्या हॉलमध्ये माझा शब्द खरा धरणारा एकच माणूस बसला होता. पहिल्या रांगेत, इस्त्रीचा झब्बा घालून.