बारा किलो आणि एक सही

नागपूरच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी आणायला सांगितल्या होत्या. तीन महिन्यांत बारा किलो वजन उतरवून या, म्हणजे लिव्हरवरची चरबी कमी होईल आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करता येईल. आणि येताना घरचं एक माणूस घेऊन या, सही करायला नि आठवडाभर जवळ राहायला. बारा किलो मला डोंगराएवढे वाटले. माणसाचं काय, मिळेल की एखादं, असं म्हणून मी कागद पर्समध्ये टाकला.

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता. मी बोथच्या सरकारी शाळेत मराठी शिकवायचे. वय एक्केचाळीस, वजन एकशे बावीस. लग्न झालं नव्हतं, आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात मी आणि माझे गुडघे असे तिघे राहत होतो. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचे. विहारात वंदनेला खाली बसता येईना म्हणून लोकांनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली, आणि एका पौर्णिमेला ती खुर्ची माझ्याखाली मोडली. कोणी हसलं नाही. हसले असते तर मीही हसले असते. त्या दिवसानंतर मी विहारात जाणं सोडलं.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांचं नावसुद्धा काढण्याची माझी ऐपत नव्हती. नागपुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात हे ऑपरेशन कमी खर्चात होतं असं कळलं, तेवढं माझ्या भविष्यनिर्वाह निधीत बसत होतं. पण त्यापलीकडे काहीच बसत नव्हतं. आहाराचा तक्ता लिहून देणाऱ्या पोरीने डब्यातल्या पावडरीचं नाव लिहिलं, आणि खाली ब्रोकली लिहिली. बोथच्या बाजारात मी ब्रोकली मागितली असती तर भाजीवालीने मला कुठल्या गावची म्हणून विचारलं असतं. मी फुटाणे दळून आणले, ते पीठ ताकात कालवून प्यायला लागले आणि त्यालाच पावडर म्हटलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण मला पोट भरायचंच नव्हतं.

पहाटे हायवेकडच्या रस्त्याने चालायला जायचे. पहिल्या आठवड्यात विजेचे चार खांब झाले की धाप लागायची. दर आठवड्याला एक खांब वाढवायचा, एवढाच नेम. आमच्याकडे थंडीत धुकं असं पडतं की पुढचा खांब दिसत नाही, आणि ते मला बरंच वाटायचं, कारण मग मीही कोणाला दिसत नसे.

वजनाची अडचण होती. घरी वापरायचे काटे माझ्या वजनाला पुरत नव्हते, आणि सरकारी दवाखान्यातल्या काट्याभोवती ओळखीची माणसं. म्हणून मी रविवारी सकाळी कापसाच्या व्यापाऱ्याच्या वखारीत जायचे. तिथे गठड्या तोलायचा मोठा काटा होता आणि एक म्हातारे चाचा तो सांभाळत. पहिल्यांदा गेले तेव्हा लाजेने माझा जीव अर्धा झाला होता. चाचांनी काही विचारलं नाही. आकडा पाहिला आणि व्यापारी ओल्या कापसाच्या वजनातून कडता म्हणजे घट कापतात तसा माझ्यातून एक किलो कापला. म्हणाले, "साडी-चप्पल का एक किलो कडता, मॅडम." मला कोणी सूट दिल्याचं तेवढंच आठवतं. पुढे दर रविवारी ते वाट पाहायचे आणि आकडा खाली आला की माझ्याआधी खूश व्हायचे. आठवड्यातून तेवढी पाच मिनिटं माझ्या आकड्याशी कोणाला तरी घेणंदेणं असायचं.

ऑपरेशनचं मी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. तोंडाला कुलूप लावता येत नाही म्हणून बाई पोट कापून घेते, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पण शाळेत मधली सुट्टी रोज यायची, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत गणिताच्या मॅडम बसायच्या. त्या सीमेवरच्या गावातल्या शेतकरी घरातल्या. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, डब्यात ज्वारीची भाकर नि वांग्याची भाजी, आणि पहिला तुकडा मोडून माझ्यापुढे करायची सवय. आमच्या भागात पुढे केलेला घास दोनच कारणांनी नाकारतात: उपास असेल तर, नाहीतर वैर असेल तर. त्यातून मी बौद्ध, त्या हिंदू. दोघींच्या आज्या एकमेकींच्या हातचं पाणी पीत नव्हत्या हे दोघींनाही ठाऊक होतं. मी घास नाकारला तर त्याचा भलताच अर्थ निघाला असता. तो दिवस गुरुवार होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "उपास आहे."

त्यांनी डोळे मोठे केले. माझ्या घरात उपासतापास नाहीत हे त्यांना माहीत होतं. कोणत्या देवाचा, असं त्यांनी जपून विचारलं. मी म्हणाले, सगळ्यांचाच. त्या हसल्या नाहीत. काही मागितलंय का, असं हळूच विचारलं, आणि मी मान डोलावली. तेवढं मात्र खोटं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्यासाठी साबुदाण्याची उसळ आणली. तूप, दाण्याचा कूट, वर खोबरं. मी ती रिकाम्या वर्गात नेली आणि दार लोटून सगळी खाल्ली, डबा बोटाने पुसूनसुद्धा. एकादशी अन् दुप्पट खाशी. रविवारी काटा वर गेला, आणि चाचा म्हणाले, काट्यात काही बिघाड असेल. सोमवारी मी गणिताच्या मॅडमना सांगून टाकलं की माझा उपास कडक आहे, फराळ चालत नाही, फक्त ताक. त्यांनी हात जोडले. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये बसणंच सोडलं. वह्या तपासायच्या आहेत सांगून सहावीच्या रिकाम्या वर्गात जायचे. बाकावर मावत नसे म्हणून टेबलाला टेकून उभी राहायचे आणि ताक प्यायचे. बाहेरून भाज्यांचे वास यायचे, हसणं ऐकू यायचं. कोणी बोलवायला आलं नाही याचा मला राग यायचा, आणि आलं असतं तर हाकलून दिलं असतं. असा माझा स्वभाव.

दुसऱ्या महिन्यात भाऊ आला. तो आदिलाबादला महसूलमध्ये क्लार्क, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वेगळ्या राज्यासाठी आज बंद, उद्या रास्ता रोको असे ते दिवस होते, तरी मोटरसायकलवर आला, म्हणजे कारण मोठं असणार. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "बाबांनी घरातले देव बासरच्या पुलावरून गोदावरीत सोडले, अन् तू गुरवार धरून राह्यली? आपल्या लोकांत तोंड दाखवाची सोय नाही ठेवली तू." विहारातल्या कोणीतरी त्याला कळवलं होतं. मला हसू आलं. विहारात मी येत का नाही हे विचारायला वर्षभरात कोणी आलं नव्हतं, पण मी उपास धरते ही बातमी मात्र आदिलाबादपर्यंत पोचली होती.

मी त्याला खरं सांगितलं. त्याचा चेहरा आधी सैल पडला. मग मी कागद काढला आणि म्हटलं, तुझी सही लागेल, आठ दिवस रजा टाक. त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"चांगल्या धडक्या पोटाले कापाचं काऊन? तिथं तुले काही झालं त जन्मभर लोक मनतीन, बहिनीले यानंच नेलं. मी सही नाही करत."

तो घाबरला होता हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त नकार ऐकू आला. मी म्हटलं, चहा पिऊन जा. तो प्यायला आणि गेला. मी दार लावून घेतलं आणि डाळीचं पाणी गरम करून प्यायले, कारण सात वाजले होते आणि सात वाजता डाळीचं पाणी होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

का टिकून राहिले, असं लोक आता विचारतात. खरं सांगायचं तर चिडून टिकले. खुर्चीवर चिडून, भावावर चिडून, ब्रोकलीवर चिडून. चिडीला पैसे पडत नाहीत. पण राग दिवसभर पुरत नाही, संध्याकाळी तो संपतो, आणि मग स्वयंपाकघरात दिवा लावून मी नुसती बसून राहायचे. तेव्हा भूक कशाची लागायची ते मला कळत नसे.

शेवटचा एक किलो तीन आठवडे हलला नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी चाचांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कडता काटके पूरे एकसौ दस." त्यांनी मला बसायला गठडी झटकून दिली. मी घरी आले आणि ही गोष्ट कोणाला सांगावी याचा विचार करत ओट्याजवळ उभी राहिले. कोणीच सुचेना. शेवटी मोठ्याने म्हणाले, झालं बरं का बारा किलो. रिकाम्या घरात माझाच आवाज मला ओळखू आला नाही, आणि त्या दिवशी मी फार रडले.

आता माणूस राहिलं होतं. तारीख दहा दिवसांवर होती. मी लाज गुंडाळून ठेवली आणि गणिताच्या मॅडमना म्हटलं, नागपूरला माझं एक ऑपरेशन आहे, सोबत याल का? कसलं ऑपरेशन हेही त्यांनी विचारलं नाही. येतो न, म्हणाल्या. घरी सांगतो, सासूबाई करतील आठ दिवस. मग त्यांना काही आठवलं. उपास असा अर्धवट सोडून ऑपरेशनला जायचं नसतं, आधी उद्यापन करावं लागतं. या गुरुवारी त्यांच्याच घरी करू, पूजा त्या मांडतील, पाच सवाष्णी त्या जेवू घालतील, मी फक्त पाटाजवळ बसायचं, खाली बसता येत नसेल तर खुर्ची ठेवू.

सही माझ्यापासून एका पूजेवर होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण ज्या बापाने मला वाचायला शिकवलं त्याच्या मुलीला त्या पूजेला बसता येईना, आणि मुख्य म्हणजे या बाईला आणखी फसवता येईना. मी म्हटलं, "मॅडम, मी उपास धरलाच नव्हता." आणि मग सगळंच सांगितलं, डॉक्टर, बारा किलो, फुटाण्याचं पीठ, साबुदाणा कुठे गेला ते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग मी कोनासाठी उपाशी राह्यली?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकटीने उपास धरला की तो जड जातो, म्हणून त्यांच्याकडे कोणीतरी सोबत धरतं. दुसऱ्या गुरुवारपासून त्या माझ्या सोबतीला धरत होत्या. मी कडक म्हटल्यावर त्यांनीही कडक केला, फक्त ताक. माझं मागणं पुरं होऊ दे म्हणून. भिंतीपलीकडे मी एकटी उपाशी आहे म्हणून स्वतःची कीव करत होते, तेव्हा दर गुरुवारी त्या स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसलेल्या असायच्या. मी एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

त्या उठून तासावर गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गुरुवारी मी मुद्दाम स्टाफरूममध्ये जाऊन बसले. त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला, भाकर मोडली आणि एक घास खाल्ला. पुढे काही केल्या हात चालेना. झाकण लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "गोड नाही लागत. नागपूरची गाडी किती वाजताची हाये?"

दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे ठेवला. एकीच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू, दुसरीचं कपाळ मोकळं, आडनावं वेगळी, गावं वेगळी. तिने पेन थांबवून गणिताच्या मॅडमना विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण लागता?

"यांच्यासाठी तीन महिने गुरवार धरले मी," त्या म्हणाल्या, "यायनं धरले नव्हते तरी. आता मी कोन लागतो ते तुमीच लिहा."

नर्सला त्यातलं काय समजलं कोण जाणे. तिने काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी कागद सरकवला. मॅडमनी वाकून सावकाश सही केली, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी पूर्ण नावाची, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.