टाइप केलेली तक्रार

ऐंशीच्या दशकात मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कॉलेजात मी वादविवादाची ढाल मिळवली होती, तीही आमच्या आमदारसाहेबांच्या हातून. त्यामुळे एका प्राथमिक शिक्षिकेनं त्यांच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीचं छायाचित्र साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा साहेबांचं वकीलपत्र मी आपणहून घेतलं. बदलीच्या कामासाठी विश्रामगृहावर बोलावून त्यांनी अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, असं तिचं म्हणणं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून बोलत सुटायचो. "आठ महिने गप्प का बसली? आणि तक्रार म्हणे टाइप केलेली! खेड्यातल्या मास्तरणीकडे टाइपरायटर कुठला? हे विरोधकांचंच काम."

फोरमन म्हणायचा, "असेलही खरं. तुम्ही होतात काय तिथं?"

"पुराव्याचं बोला, पुराव्याचं!" मी बोट नाचवायचो.

चौथ्या दिवशी आमच्या टायपिस्ट बाईंनी डब्याचं झाकण लावलं. तोवर या विषयावर त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"ती तक्रार मी टाइप केली. इथंच. माझी मावसबहीण आहे ती. आठ महिने मीच तिला थांबवत होते, लोक काय बोलतील म्हणून. चार दिवस ऐकतेय, लोक काय बोलतात ते."

 खरं तर मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "त्यात 'विश्रामगृह'मधला 'वि' दीर्घ पडलाय मात्र."

आठवड्यानं बाईंनी चौकशीच्या मागणीचा अर्ज सगळ्यांपुढे फिरवला. फोरमननं ठसठशीत सही केली. मीही केली, पण इतकी गिचमिड की माझ्या आईलासुद्धा ओळखता आली नसती.

चौकशी झाली. तथ्य आढळलं नाही. शिक्षिकेची बदली मात्र झाली, तिनं मागितलेल्या गावापासून आणखी लांब.

जाण्याआधी ती बहिणीला भेटायला ऑफिसात आली. सह्या करणाऱ्या प्रत्येकापाशी जाऊन तिनं नमस्कार केला. माझ्यापुढे थांबून म्हणाली, "तुमचेही आभार. भीती वाटली असेल ना?"

"छे छे," मी म्हणालो, "कर्तव्यच होतं ते."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. मीही नाही.